वडिलांचा ट्रम्पेट आणि माझा दम

ज्याला दम लागतो त्याने हे वाचावं. ज्याला लागत नाही त्याने बाजूला ठेवलं तरी चालेल. दम न लागणाऱ्या माणसांनी मला या आजारपणात इतके सल्ले दिले, की त्यांच्यासाठी माझ्याकडे आता एक ओळसुद्धा शिल्लक नाही.

मी देऊळगाव राजाचा. आमची बँड पार्टी आहे. वडिलांनी उभी केली, त्यांच्यामागे मी मास्तर झालो. मी ट्रम्पेट वाजवतो, धाकटा भाऊ विश्वास युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, वाजवतो, आणि ढोल-ताशांवर आमच्याच वस्तीतली माणसं. लग्नाची वरात, हळद, जयंतीची मिरवणूक, पुढाऱ्याचा सत्कार, सगळीकडे आम्ही. पुढारी निवडून आला तरी आम्ही, आणि पडला तरी पुढच्या खेपेला परत आम्हीच. फुंकणं हा माझा धंदा आहे. दुसरं मला काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. श्वास गेला तेव्हा माझं काय काय गेलं असेल ते तुम्हीच बघा.

वरातीत

चिखलीकडच्या एका लग्नात पहिल्यांदा झालं. उन्हाळ्याचे दिवस, वरात निम्म्या रस्त्यात. नवरदेवाचे मित्र पुढे नाचत होते. नोट दातात धरून अंग झटकणं याला हल्ली नाच म्हणतात. मी गाणं उचललं, वरच्या सुराला गेलो आणि छातीत हवाच नाही. सूर मध्येच तुटला. विश्वासने युफोनियमवर कसंबसं सांभाळून घेतलं. मी ट्रम्पेट खाली करून गुडघ्यावर हात टेकून उभा राहिलो.

"मास्तर टाईट आहे बे," एक पोरगं ओरडलं आणि सगळे हसले. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. आमच्या धंद्यात न पिणारा मास्तर शोधावा लागतो, आणि सापडला की लोकांना तोच पिलेला वाटतो. ज्यांना स्वतःच्या तोंडाचा वास कळत नव्हता त्यांनी मला दारुडा ठरवलं.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. ज्या दिवशी वाजवायचं त्या दिवशी संध्याकाळी ताप भरायचा, अंग मोडून यायचं, कोरडा खोकला सुटायचा. सकाळी उठलो की जरा बरं. पुन्हा ऑर्डर, पुन्हा ताप. वजन उतरलं. लाल कोट अंगावर लोंबायला लागला.

निदान करणारे

गावातल्या डॉक्टरने सलाईन लावली. आमच्याकडे सलाईन हे औषध नसून मान आहे. लावली नाही तर पेशंट म्हणतो, डॉक्टरने नीट पाहिलंच नाही. मलाही लावली, मीही समाधानाने पडून राहिलो. ताप आपल्या वेळेला परत आला. मग डॉक्टर म्हणाले, "टीबी असू शकतो." थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. पण 'असू शकतो' हे दोन शब्द रिपोर्ट यायच्या आधीच गावभर पोचले होते, आणि 'नाही' हा शब्द न्यायला कोणी तयार नव्हतं. चुलतभावाच्या घरी माझ्यासाठी कान तुटलेला कप वेगळा निघाला. वहिनी तो कप दोन बोटांनी धरून आणायची. माझ्या वाजवण्यावर ज्या बाईची वरात घरात आली, ती. मी तो चहा मुद्दाम सावकाश, फुरके मारत प्यायलो.

मग माझे साडू आले. दशरथराव, देऊळघाटचे. जगातल्या प्रत्येक रोगाची त्यांच्याकडे माहिती असते आणि प्रत्येक माहितीत एक मेलेला माणूस असतो. "आमच्या तथी एक जण होता, त्याले बी असंच होत होतं," अशी सुरुवात करायची आणि शेवटी त्याला जाळून मोकळं व्हायचं. त्यांनी एक जडीबुटीवाला आणला. मधातून पावडर घ्यायची, आंबट बंद, केळी बंद, पूर्वेकडे तोंड करून बसायचं. दम्याचा तोंडातून ओढायचा पंप मात्र घ्यायचा नाही, कारण पंप एकदा लागला की सुटत नाही, असं बुटीवाला म्हणाला. पावडर त्याची महिनोन्‌महिने चालणार होती, पण ती सुटण्या न सुटण्याबद्दल तो काही बोलला नाही.

आणि घ्या, पावसाळा लागला आणि मी बरा झालो. ताप गेला, भूक लागायला लागली, बाजारातून पिशवी घेऊन न थांबता घरी आलो. दशरथरावांचं तोंड पाहवत नव्हतं. स्वतःच धन्वंतरी असल्यासारखे फिरत होते. मीही कबूल करतो, मला वाटलं, असेल बुवा बुटीत काही.

दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली की आमची लग्नसराई उघडते. पेटी उघडली, गोधडीतून ट्रम्पेट काढला, चिंच आणि राख लावून आरशासारखा घासला आणि वाजवायला लागलो. दोन-चार दिवसांत ताप हजर. बुटीवाल्याने सांगितलं, "तुमी केळं खाल्लं असन."

बुलडाण्याला

थंडीत हाल फार झाले. शर्टाची बटणं लावताना मध्ये बसावं लागायचं. ओठ जांभळे पडायला लागले. विश्वासने जालन्याचा एक ट्रम्पेटवाला भाड्याने आणला आणि मी घरी बसून दूरवरच्या वरातीत त्याचे बेसूर ऐकत राहिलो. तो वाईट वाजवत होता म्हणून मला बरं वाटत होतं, असा मी त्या दिवसांत झालो होतो.

बायको, कमल, एके सकाळी पिशवी भरून उभी राहिली. "चला बुलडाण्याले. छातीच्या डॉक्टरकडे."

"बुटीचा कोर्स राह्यला ना अजून," मी म्हणालो.

"कोर्स चुलीत घाला. मले नवरा पाह्यजे, पावडर नाई."

चिखलीमार्गे एसटीने गेलो. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि आसपासचे लोक माझ्याकडे बघत होते, तेव्हा मला सगळ्यांचा राग आला. पायऱ्यांचाही.

मला वाटलं होतं, छातीचा डॉक्टर म्हणजे कोणी पिकल्या केसांचा, जाड चष्म्याचा असेल. आत एक सडपातळ बाई उभ्याउभ्या चहा पीत होत्या. माझा लाल कोट त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असेल. मी कमलकडे बघून तोंड वाकडं केलं. या मॅडमचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीच मनाई केली आहे.

माझ्या आधी लोणारकडच्या एक आजी होत्या. त्या महिनाभर पंप घेत होत्या तरी दम जात नव्हता. मॅडम म्हणाल्या, "आजी, कसा घेता ते दाखवा." आजीने पंप काढला आणि अत्तर लावावं तसा गळ्याला, बाहेरून, फुस्स करून मारला. मी मोठ्याने हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः रिकामा पंप हातात घेतला आणि आजींना शिकवायला बसल्या. श्वास सोडा. तोंडात धरा, ओठ मिटा. हळू ओढा. आता धरून ठेवा. आजी चुकल्या. परत. पुन्हा चुकल्या. परत. मग आजींच्या सुनेला जवळ बोलावून तिच्याकडून करून घेतलं, मग पुन्हा आजींकडून. बाहेर रांग खोळंबली होती.

"मॅडम, आमी बी पेशंट आहो," मी म्हणालो.

त्यांनी मान न वळवता सांगितलं, "तुम्हाला काय मी सोडणार आहे? बसा."

त्यानंतर आलेला माणूस पंपाच्या मशीनमध्ये घालायच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होता. त्यालाही तसंच, आधी दाखवा, मग शिका. ज्यांना औषध घेता येत नाही त्यांच्यावर एवढा वेळ का घालवतात, हे मला त्या दिवशी कळत नव्हतं. मला वाटलं, या बाईला काम उरकता येत नाही.

मग फुंकायची तपासणी. एक पोरगी नळी हातात देऊन म्हणाली, "काका, जोरात फुंका. असं जोरात, लांब."

मला. मला सांगत होती फुंकायला. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. छाती भरून घेतली आणि फुंकलो, आणि निम्म्यातच खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. पडद्यावर जी रेघ आली ती एखाद्या शेंबड्या पोराच्या फुंकरीची होती. मॅडमनी ती पाहिली, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"बँड मास्तर. ट्रम्पेट."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "आज घरी जायचं नाही," त्या म्हणाल्या.

वॉर्डात

वॉर्ड म्हणजे नाकात नळी, बोटाला चिमटा आणि भेटायला येणाऱ्यांची केळी. बुटीवाल्याने केळी बंद केली होती, इथे उशाशी ढीग लागला. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी ऑक्सिजनच्या नळीकडे बघायचा, मग कमलकडे बघून चुकचुकायचा. जणू मी गेलोच आहे आणि फक्त उचलायचं बाकी आहे. दशरथराव रोज देऊळघाटहून डबा घेऊन यायचे आणि डब्याबरोबर एक मेलेला माणूसही. डबा मात्र गरम असायचा. हेही सांगितलं पाहिजे.

शेजारच्या खाटेवरचा माणूस उशीत बिड्या लपवायचा. ऑक्सिजन काढून संडासात जाऊन ओढून यायचा आणि धापा टाकत परत पडायचा. मला त्याची किळस यायची. मॅडमना बिड्या सापडल्या तेव्हा वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघेल. त्या त्याच्या खाटेवर बसल्या. "रोज किती?" त्याने सांगितलं. "उद्या एक कमी ओढून मला सांगायचं. खोटं बोललात तरी मला छातीतून कळतं." तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच एक कमी ओढली आणि मोठ्या ऐटीत सांगितलंही. त्या म्हणाल्या, "शाब्बास." बिडी कमी ओढल्याबद्दल शाब्बास. मी भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी फिनेल टाकून फरशी पुसली की सगळा वॉर्ड खोकायचा. मॅडमनी ते फिनेल बंद करायला लावलं, नुसत्या पाण्याने पुसायला सांगितलं. तेव्हा मात्र मला ती बाई पहिल्यांदा जरा कामाची वाटली.

एका दुपारी त्या स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. कमल होती, डबा घेऊन दशरथराव होते.

"घरात कबुतरं आहेत?"

"नाई."

"कोंबड्या? ओला कडबा? कूलर? भिंतीला ओल?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. माणूस मरतो आहे आणि ही कबुतरं विचारते आहे. सगळ्याला नाही म्हणालो.

"बरं, तब्येत कधी चांगली असते?"

"पावसाळ्यात."

त्यांचा पेन थांबला. "परत सांगा. माझे सगळे दम्याचे पेशंट पावसाळ्यात माझ्या दारात असतात. तुम्हीच एकटे बरे होता?"

"ते बुटीनं, मॅडम," दशरथराव मध्ये पडले. "आमच्या तथी एक वैदू..."

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर चहा पिऊन या," मॅडम म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या साडूंना कोणी असं बाहेर काढलेलं मी पाहिलं नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, पावसाळ्यात तुम्ही काय करत नाही?"

काय करता, हे सगळ्यांनी विचारलं होतं. काय करत नाही, हे कोणी विचारलं नव्हतं.

"वाजवत नाई," मी म्हणालो. "लग्नं नसतात ना."

"ट्रम्पेट कुठे असतो मग?"

"पेटीत. गोधडीत गुंडाळून."

"ठेवताना धुता?"

आता मी हसलो. शिकलेल्या माणसाला वाद्यातलं काय कळणार. मी त्यांना समजावून सांगितलं, की बाहेरून चिंच-राख लावून घासायचा, तोंड दिसलं पाहिजे असा. पण आतून कोणी धूत नसतं. आत पाणी गेलं की आवाज उतरतो. आत उस्तादाचा दम असतो, तो धुऊन टाकायचा नसतो. आमच्या जिल्ह्यातला कोणताही जुना बँडवाला हेच सांगेल.

"कोणी सांगितलं हे?"

"वडिलांनी. हा त्यांचाच ट्रम्पेट आहे."

"त्यांना?"

"जालन्याच्या उस्तादांनी. त्यांनी दिलेला तो."

मॅडमनी विचारलं, "वडील कशाने गेले, मास्तर?"

"दम्याने," मी म्हणालो.

"आणि उस्ताद?"

उत्तर कमलने दिलं. "ते बी दम्यानंच गेले, मॅडम. आमच्यात म्हणतात, फुंकून फुंकून दम सरते."

निदानाचा दिवस

विश्वास ट्रम्पेट घेऊन आला. मॅडमनी मला खिडकीजवळ लांब बसवलं, तोंडाला मास्क लावायला दिला, स्वतः मास्क आणि हातमोजे घातले आणि एका लवचिक तारेला कापूस बांधून ती ट्रम्पेटच्या पोटात घातली. बाहेर आली तेव्हा कापूस काळा-हिरवा झाला होता आणि त्याला शेवाळासारखं बुळबुळीत काहीतरी चिकटलं होतं. वास खोलीभर झाला. विश्वास दाराबाहेर जाऊन उभा राहिला. ते सगळं एका डबीत भरून तपासायला गेलं. माझ्या छातीचा स्कॅनही झाला होता.

रिपोर्ट आले त्या दिवशी मॅडमनी कमललाही समोर बसवलं. आत बुरशी होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या थुंकीवर वाढलेली, पावसाळाभर गोधडीत मुरलेली. वाजवताना दम घेतो तेव्हा तीच हवा परत आत जाते, आणि माझं फुप्फुस तिच्यावर चवताळून उठतं, म्हणून संध्याकाळी ताप. त्यातून फुप्फुसाला वण पडले आहेत. सूज औषधाने उतरेल. वण जाणार नाहीत.

"मी वाजवीन का?" मी विचारलं. मला दुसरं काही विचारायचं नव्हतं.

"आधी श्वास घ्यायला लागा. वाजवायचं मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही."

मी संतापलो. उस्तादांचं, वडिलांचं वाद्य. ज्याच्यावर आमचं घर चाललं. त्याला ही बाई घाण म्हणते आहे. मी फार बोललो. दोन पुस्तकं वाचून सुरांतलं काय कळतं, असंही बोललो. कमल मला ओढत होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग पुस्तकी बोलणं त्यांनी बाजूला ठेवलं.

"मास्तर, मी लोणारचीच आहो. माह्या लग्नात बी बँडच होता, डीजे नाई. मले तुमच्या वाद्याशी दुश्मनी नाई. पण तुमी आतापर्यंत जे ओढून राह्यले ना, तो उस्तादाचा दम नाई. ती सडलेली थुंकी हाय."

इतकं उघडं मला आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मी गोळ्या घ्यायला कबूल झालो.

एक सांगून ठेवतो, कारण त्यासाठीच हे लिहिलं आहे. डॉक्टरला आजार सांगता तसं कामही सांगा. दिवसभर हातात काय असतं, तोंडाशी काय असतं, कोणत्या महिन्यात बरं असतं, सगळं. त्याने विचारलं नाही तरी सांगा, आणि ऐकत नसेल तर दुसरा डॉक्टर बघा. आणि पंपाची लाज वाटून घेऊ नका. लाज ज्यांनी वाटून घ्यायची ते मोकळे फिरत आहेत.

घरी

गोळ्यांनी तोंड सुजलं, भूक राक्षसाची लागली, झोप उडाली आणि जीभ सुटली. आधीच मी काही गोड बोलणारा नव्हे. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं तेव्हा कमल म्हणाली, "मी तुमच्या बँडात नोकरीले नाई. गिळा, नाई तर उपाशी राहा." मग ताट तसंच ठेवून ती अंगणात जाऊन रडत बसली. मी गेलो नाही. जायला पाहिजे होतं, पण उठलो असतो तर दम लागला असता, आणि खरं म्हणजे मला लाजही वाटत होती. थोड्या वेळाने तीच आत आली आणि मॅडमनी शिकवलेला श्वासाचा व्यायाम करून घ्यायला समोर बसली. रोज बसायची. मी चुकलो की म्हणायची, "परत."

ट्रम्पेट धुवायचा कोणी, हा प्रश्न होता. मॅडमनी मला हात लावायची बंदी केली होती. विश्वासला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, मी नाई धुत. बाबाचा आवाज हाय त्याच्यात. तुले काय करायचं ते कर." त्याचं युफोनियम तसंच वाजत होतं आणि तोही अधूनमधून खोकत होता. मी म्हणालो, "मूर्खा, खोकून राह्यला तरी कळत नाई का तुले?" तो उठून गेला. चार दिवस आमचं बोलणं नव्हतं.

शेवटी कमलनेच धुतला. तोंडाला फडकं घट्ट बांधलं, नळ्या सुट्या केल्या, कोमट पाणी आणि साबण घेतला, बाटली धुवायचा ब्रश तारेला बांधला आणि मोरीत बसली. मी उंबऱ्यावर मास्क लावून लांबून बघत होतो. काळं पाणी निघत होतं आणि निघतच होतं. माझ्या डोळ्यांदेखत वडिलांचा आवाज गटारात चालला होता, असंच मला वाटलं. मी तिला शिव्या दिल्या नाहीत एवढंच. तिने तो उन्हात वाळवून कोऱ्या कापडात ठेवला. सूज उतरली, ओठांचा रंग परत आला, मी बाजारातून चालत यायला लागलो. पण त्या कापडाला हात लावायचा मला धीर झाला नाही. मॅडमची परवानगी मिळालीच असती. मला भीती वेगळीच होती.

वाजवा

उन्हाळ्यात तपासणीला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी तो घेऊन या. धुतलेला." घेऊन गेलो. कमल होतीच, आणि न बोलावता विश्वासही आला. आवाज गेलेला ऐकायलाच आला होता, मला खात्री होती.

दवाखान्यामागे लिंबाच्या झाडाखाली मोकळी जागा आहे. मॅडमनी मला तिथे उभं केलं, बोटाला चिमटा लावला आणि स्वतः मागे उभं राहून शर्टावरून पाठीला नळी लावली. पेशंट आणि त्यांचे नातेवाईक गोळा झाले. "वाजवा," त्या म्हणाल्या.

वरातीच्या सुरुवातीला वडील वाजवायचे ती चाल मी घेतली. आवाज उतरला नव्हता. सांगायला जड जातं, पण आवाज मोकळा झाला होता. आधी जो थोडा घोगरा, भरल्यासारखा यायचा आणि ज्याला आम्ही सगळे उस्तादाचा रंग म्हणायचो, तो रंग नव्हता, घाण होती. आमच्या घराण्याने जन्मभर घाणीला मान दिला आणि त्यापायी दोन चांगली माणसं घालवली. मी वाजवत होतो आणि मला वडिलांवर इतका राग येत होता आणि ते इतके हवे होते, की डोळ्यांतून पाणी थांबेना.

पहिली ओळ पूर्ण गेली. दुसरीला वर चढलो आणि छातीत दार बंद झाल्यासारखं झालं. हवाच नाही. मी परत चढायला बघितलं. मॅडमनी मागून माझा खांदा धरला.

"बस, मास्तर. एवढंच."

"अजून थोडे महिने गेल्यावर..."

"नाही. उरलेली हवा एवढीच आहे. आज आहे तितकी टिकवायची. रोज धुवायचा, एवढंच वाजवायचं. पुढचं दुसऱ्याला द्या."

त्या खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं. मी झाडाला टेकून बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. कमल शेजारी बसली. "एवढं तरी राह्यलं ना," ती म्हणाली आणि तीही रडली. घरी आल्यावर मोरीतून घासण्याचा आवाज आला म्हणून डोकावलो, तर विश्वास फडकं बांधून युफोनियमच्या नळ्या धूत बसला होता. मी तसाच मागे फिरलो. काही बोललो असतो तर त्याने परत ठेवून दिलं असतं.

आता लग्नसराईत मी बँडच्या गाड्यावर खुर्ची टाकून बसतो. चाल मी सुरू करतो. पहिली ओळ माझी. वरच्या सुराच्या आधी ट्रम्पेट खाली करतो आणि विश्वास युफोनियमवर पुढचं उचलतो. लोकांना ही नवीन स्टाईल वाटते. मास्तर उचलतो आणि भावाला देतो, म्हणे. परवा एका नवरदेवाच्या बापाने ऑर्डर देताना मुद्दाम सांगितलं, "ते मध्ये थांबता ना, तसं पाह्यजे. लय भारी वाटते." वरातीतल्या लोकांना संगीतातलं काय कळतं. मी त्याला "हाव, तसंच करू" म्हणालो. आणि रोज त्या जागेवर थांबतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून छातीत पुन्हा हवा येईपर्यंत वाट बघत बसतो.